माणूस चांगलाय

गुत्तेदार ठरवण्याआधी मी साडूंना तीनदा विचारलं होतं. त्यांचं घर दोनच वर्षांपूर्वी त्यानं बांधलेलं. तिन्ही वेळा साडूंनी सुपारी कातरत एकच उत्तर दिलं, "माणूस चांगलाय."

मी आठवी ते दहावीला गणित शिकवतो. प्रश्नात काय विचारलंय आणि आपण काय लिहिलंय हे ताडून बघा, असं पोरांना रोज ओरडून सांगतो. मी विचारलं होतं, काम कसंय. चहा मात्र चांगला होता, आणि साडूंच्या घरी बैठकीतच उरकायचा रिवाज असल्यानं वरचा मजला बघायचा राहून गेला.

आमचा प्लॉट लातुरात, बार्शी रोडच्या आतल्या अंगाला. 30 बाय 40. ठरलं ते लेबर गुत्तं, म्हणजे माल आमचा आणि हात त्याचे. करार माझ्याच चौकटीच्या वहीच्या पानावर झाला. गुत्तेदारानं सही करताना ते पान वाचलंसुद्धा नाही, तेव्हाच मला भरून आलं. केवढा हा विश्वास! पुढं कळलं की त्याला पान पाठ होतं. मला नव्हतं. छज्जा काढायची वेळ आली, "सर, छज्जा गुत्त्यात नाही." जिन्याखालचं संडास, "गुत्त्यात नाही." गच्चीवरच्या टाकीचा ओटा, "गुत्त्यात कुठंय?" गुत्त्यात ठळक अक्षरात एकच गोष्ट होती, 'स्लॅबचं जेवण मालकाकडं', आणि ती माझ्याच हस्ताक्षरात होती.

पाया खणायला घेतला तो काळ्या मातीत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. 4 फूट झाले, माती. 5 झाले, माती. गुत्तेदार खड्ड्यात वाकून बघायचा आणि डॉक्टरनं नातेवाइकांशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणायचा, "अजून एक फूट." 6 फुटांनंतरचं खणणं गुत्त्यात नाही, हे त्यानं सातव्या फुटाला सांगितलं.

वाळूचं तर बोलूच नये. ब्रास म्हणजे 100 घनफूट, एवढं मला येतं. 3 ब्रासचा टिपर आला, मी टेप घेऊन वर चढलो, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची केली आणि 260 घनफूट काढून दाखवले. ड्रायव्हरनं गुत्तेदाराकडं बघितलं. गुत्तेदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, वाळू वाटेत बसती. रस्ते बगा की आपले." रस्त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही.

खरा सामना झाला तो गुत्तेदार आणि आमचे आबा यांच्यात. आबा रोज सकाळी साइटवर खुर्ची टाकून बसत, काठी गुडघ्यात धरून. आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. 1993 च्या 30 सप्टेंबरला, गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना पहाटे चारच्या सुमाराला जे झालं ते आबांनी पाहिलंय. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरंच माणसांवर आली. आमची एक भिंत पडली आणि बाकीच्या राहिल्या, एवढंच आबा सांगतात. त्याच्या पुढचं ते सांगत नाहीत. पण त्यानंतर पुनर्वसनाच्या कामांवर जे इंजिनिअर यायचे त्यांच्या मागं हिंडून आबांनी लोखंडाची विद्या उचलली. आमचा भाग भूकंपाच्या नकाशावर आधी सगळ्यात बिनधोक झोनमध्ये होता. तो 2002 साली तिसऱ्यात आला. आबांनी स्वतःला त्याच्या आधीच तिसऱ्यात घातलं होतं.

कॉलमचा सांगाडा उभा राहिला तसे आबा उठले. काठीनं उभ्या सळयांभोवतीची एकेक रिंग मोजली. "हे अंतर किती?"

"सहा इंच, काका."

"सर, मोजा." मला. घरात तेवढ्यापुरतं मीही सर असतो. मी मोजलं. 9 इंच.

"आणि रिंगच्या टोकाचा हा आकडा? काटकोनात सोडलाय. धक्का बसला की रिंग उघडती. आत वळव त्याला."

गुत्तेदार हसला. "काका, 135 अंशात वळवायला माणूस दीड लागतंय. ते गुत्त्यात..."

आबांनी खुर्ची उचलली आणि कॉलमच्या खड्ड्याच्या तोंडावर नेऊन टाकली. बसले. काँक्रीटचं मिक्सर अर्धा तास नुसतंच फिरत राहिलं. शेवटी सळईवाल्या पोरानं पाना घेतला. त्या दिवशी सगळ्या रिंगा आत वळल्या, वरच्या-खालच्या टोकाला 4-4 इंचांवर आल्या, आणि गुत्तेदारानं आबांना मावा देऊ केला. आबांनी घेतलाही. आमच्या घरात कोणती गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे असं कुणी विचारलं, तर मला कॉलमच दाखवता येतील, आणि ते नेमके दिसत नाहीत.

मग डिसेंबरात एके दिवशी साइटवर कोणी नाही. मिस्त्री नाही, बिगारी नाही, पाणी मारणारी बाई नाही. फोन केला तर गुत्तेदार म्हणतो, "येऊलालेत बगा, निघालेत." मागं बैलाच्या घुंगरांचा आवाज. तेव्हा लक्षात आलं, येळवस! वेळ अमावास्येला लातुरात माणूस सापडणं म्हणजे भर दुपारी सावली सापडणं. अख्खं शहर कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतं. पण मी चिडलेलो होतो. आठवड्यापूर्वी बांधलेली भिंत दोरीतून सुटून दीड इंच बाहेर आलेली होती आणि ओळंबा मी स्वतः लावला होता. आज तोंडावरच सांगायचं, म्हणून मोटारसायकल काढली आणि त्याचं शेत शोधत 18 किलोमीटर गेलो.

कडब्याच्या कोपीजवळ अख्खी साइट बसलेली होती. मिस्त्री, सळईवाला, पाणी मारणारी बाई आणि तिची दोन पोरं. मी गाडीवरून उतरायच्या आत माझ्या हातात पत्रावळ होती. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, वर आंबिलाचा तांब्या. "सर, आधी खावा. भिंत कुठं पळूलालीय?" गुत्तेदाराच्या आईनं शेजारी बसून आग्रहानं तिसऱ्यांदा भज्जी वाढली. आंबिलाला अशी काही झोप असते की माणूस दीड इंचासाठी भांडू शकत नाही. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा डिकीत हरभऱ्याची टहाळं आणि हिच्यासाठी उंड्याचा डबा होता.

"बोललात का त्याला?" हिनं विचारलं.

"माणूस चांगलाय," मी म्हणालो.

भिंत गिलाव्यात झाकली. एका टोकाला गिलावा अर्धा इंच, दुसऱ्या टोकाला दोन. गिलाव्याचं सिमेंट माझं.

स्लॅब फेब्रुवारी अखेरीला पडला. बोकडाचं जेवण झालं (गुत्त्याप्रमाणे), आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याची ड्यूटी माझी, कारण पाणी मारणं गुत्त्यात आहे पण पाणी नाही. स्लॅबवर सिमेंटची आळी करून 14 दिवस पाणी तुंबवून ठेवायचं. आता हे शहर कोणतं? 2016 च्या मार्चात जिथं पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. आम्ही पाहुणे बघायला जावं तसे स्टेशनवर बघायला गेलो होतो. त्या गावात मी लुंगी वर खोचून सिमेंटला पाणी पाजत होतो. शेजारच्या काकू गच्चीवर वाळवणं घालायला येत, माझ्या तळ्याकडं बघत, आणि काही न बोलता खाली जात. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी मी अंधार पडल्यावर पाणी भरायला लागलो, चोरासारखा. टँकरवाल्याला लाइट बंद करून यायला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, टँकर हाय, गांजा नाही."

मधल्या महिन्यांत सांगण्यासारखं काही नाही. सिद्धेश्वराची यात्रा झाली, लग्नसराई झाली, सोयाबीन आलं. प्रत्येकाला माणसं लागतात आणि ती आमचीच असायची.

फरशी झाल्यावर मी पहिल्यांदा जिन्यावरून सरळ वर गेलो आणि शेवटच्या पायरीला ठेचाळून बेडरूममध्ये पालथा पडलो. माझंच चुकलं म्हणून खाली आलो. खाली पहिल्या पायरीला जमीन अपेक्षेपेक्षा लवकर भेटली आणि गुडघ्यातून कळ गेली. टेप आणला. मधल्या सगळ्या पायऱ्या अगदी 7 इंच. सगळ्यात खालची साडेपाच. सगळ्यात वरची साडेआठ.

उदाहरण सोपं होतं. जिना ओतताना 126 इंच उंची, 18 पायऱ्या, भागाकार 7, बाकी शून्य. पण वर-खाली मजल्यावर भर आणि फरशी मिळून अडीच इंच चढले, पायऱ्यांवर ग्रॅनाइट चढलं एकच इंच. ते दीड इंच कुणी धरलंच नाही. आणि पाय मोठा विश्वासू प्राणी; पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत माप शिकतो आणि पुढं न बघता तेवढाच उचलतो.

गुत्तेदाराला बोलावून फळ्यावर शिकवावं तसं भिंतीवर खडूनं मांडून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं. माझ्या वर्गात इतकं कुणी ऐकत नाही. मग खडू घेतला आणि खाली लिहिलं, साडेपाच अधिक साडेआठ, चौदा. भागिले दोन, सात.

"खाली दीड कमी, वर दीड जास्त. हिशोब जुळला की, सर! कामून टेन्शन घेऊलालाव?"

वास्तुशांत कार्तिकात झाली. ठरली होती अक्षय्य तृतीयेला. गुत्तेदाराला टॉवेल-टोपीचा पूर्ण आहेर केला, आबांनी स्वतः त्याला टोपी घातली. पंगत गच्चीवर, म्हणजे सगळ्यांना जिना चढणं आलंच. मी वरच्या तोंडाशी उभा राहिलो, हात पुढं करून. शाळेचे मुख्याध्यापक ठेचाळले, त्यांना झेललं. शेजारच्या काकू ठेचाळल्या. वाढपी वरणाच्या बादलीसकट आला, बादली वाचली, धोतर वाचलं नाही. गुरुजी मंत्र म्हणत चढले आणि नेमका 'स्वाहा'ला तोल गेला. ज्याला त्याला मी "सावकाश, सावकाश" म्हणत होतो आणि मनातल्या मनात मोजत होतो, बावीस, तेवीस.

मग साडू आले. कुणाशी तरी मागं वळून बोलत, एका हातात पाण्याचा तांब्या, एका हातात नातू. जिन्याकडं बघतही नव्हते. मी दोन्ही हात पुढं केले. सतराव्या पायरीवर आल्यावर साडूंनी, बोलणं न तोडता, उजवा गुडघा बरोबर दीड इंच जास्त उचलला, अलगद वर आले, आणि माझ्या पुढं केलेल्या हातांकडं बघितलं.

मी त्यांच्याकडं बघितलं.

साडूंनी नातवाला खाली उतरवलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "जिलेबी गरम हाय का?"