नाव असे ठेवा की जगाने नावे ठेवावीत

बाळ झाले? अभिनंदन! वजन, लसी वगैरे किरकोळ गोष्टी डॉक्टरांवर सोडा आणि नावाच्या मागे लागा. नाव बाळाचे असते, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. नाव म्हणजे आईबापांच्या हुशारीची पाटी. बाळाने ती गळ्यात अडकवून जन्मभर हिंडायचे, एवढेच.

स्वीडनमधल्या एका जोडप्याचा कित्ता गिरवा. मुलगा पाच वर्षांचा झाला तरी त्यांनी नाव नोंदवले नाही, म्हणून ५००० क्रोनर दंड झाला. मग १९९६ साली त्यांनी एकदाचे नाव कळवले. ४३ चिन्हांचे! आधी अक्षरांचा ढीग, शेवटी ११११६. उच्चार? अल्बिन. न्यायालयाला कलेची कदर कुठली? नाव फेटाळले. मग त्यांनी रोमन लिपीतले पहिले अक्षर तेवढे कळवले. उच्चार तोच, अल्बिन. तेही नामंजूर.

न्यूझीलंडमध्ये एका मुलीचे नाव होते ‘तलुला डज द हुला फ्रॉम हवाई’, म्हणजे तलुला हवाईचा हुला नाच करते. कर्ता, क्रियापद, गाव, सगळे आत. हजेरी घेता घेता व्याकरणही उरकावे. ती कार्टी मात्र मैत्रिणींना सांगायची, मला ‘के’ म्हणा. २००८ साली, ती नऊ वर्षांची असताना, नाव बदलता यावे म्हणून न्यायाधीशांनी तिला चक्क न्यायालयाच्या ताब्यात घेतले. त्याच देशात जुळ्यांना ‘फिश’ आणि ‘चिप्स’ ही नावे नाकारली गेली, पण ‘नंबर १६ बस शेल्टर’, म्हणजे चक्क बसथांबा, बिनबोभाट मंजूर! आई ‘थांब’ म्हणाली, तर ती हाक की हुकूम, हे त्या पोराने ठरवावे.

घानातल्या अकान लोकांकडून मात्र काही शिकू नका. मुलगा शुक्रवारी झाला की कोफी, शनिवारी झाला की क्वामे. वार बघितला, काम संपले. अशा निष्काळजीपणामुळेच अन्नान यांच्या कोफीला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीसपद सांभाळत बसावे लागले. मंगोलियात तर ‘नेरगुई’ म्हणजे ‘नाव नाही’, ‘एनेबिश’ म्हणजे ‘हा नव्हे’. वाईट शक्तींनी लेकराला ओळखू नये म्हणून घाबरलेल्या आईबापांनी केलेली ही फसवाफसवी. त्यात त्यांची हुशारी कुठे झळकली, सांगा बरे?

तेव्हा कचरू नका. उद्या मुलाने तक्रार केली की फॉर्मवरच्या चौकोनांत नाव मावत नाही, तर त्याला पुरवणी जोडायला सांगा.