पाय बघणार एक, सही दुसऱ्याची!

डोकं फिरायची वेळ आली आहे! आईला मधुमेहींचे खास बूट हवेत, आणि ते अडलेत कशावर? एका सहीवर.

आईच्या पायांना काही कळत नाही. खडा रुतला तरी पत्ता नाही. त्यात तळव्याला घट्टा. म्हणजे अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, या बुटांसाठी ज्या अटी घातल्यात, त्यात ती बसते. वर्षाला एक जोड बूट, आत घालायचे तीन जोड इनसोल, डिडक्टिबल (आधी आपण भरायची ठरावीक रक्कम) भरल्यावर 80 टक्के खर्च मेडिकेअरचा. पण तिचा मधुमेह सांभाळतात त्या नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जादा शिक्षण घेऊन तपासणी आणि औषधोपचार करणाऱ्या नर्स, आणि बुटांसाठी लागणाऱ्या दाखल्यावर त्यांची सही चालत नाही! एमडी किंवा डीओ, म्हणजे इथली डॉक्टरची पदवी असलेलाच पाहिजे.

अहो, इन्शुलिन त्याच लिहून देतात. डोस त्याच वाढवतात. दर वेळी मोजे काढायला लावून बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाय तपासतात. आम्ही ॲरिझोनात राहतो, इथे नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या देखरेखीशिवाय स्वतःचं क्लिनिक चालवता येतं. 2020 पासून मेडिकेअरमध्ये घरी नर्स पाठवायची सेवासुद्धा त्या मंजूर करू शकतात. इन्शुलिन चुकलं तर जीव जाऊ शकतो, ते चालतं. आणि बुटांना मात्र डॉक्टर!

पायांचे डॉक्टर तरी? तेही नाही. पोडायट्रिस्ट बूट लिहून देऊ शकतात, पण मधुमेहाचा दाखला द्यायचा तो मधुमेहावर उपचार करणाऱ्या एमडी-डीओनेच. म्हणजे आता नवा डॉक्टर शोधा, नवीन पेशंट म्हणून ताटकळा, आणि ज्याने आईचे पाय कधी पाहिले नाहीत त्याच्यापुढे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगा. वर मुदती वेगळ्याच. बूट हातात पडण्याआधीच्या सहा महिन्यांत डॉक्टरची भेट झालेली हवी, दाखला तीन महिन्यांच्या आतला हवा. मध्ये कुठे रखडलं की पुन्हा कागद गोळा करा. तोवर बाईने चालायचं कशात?

जखम चिघळली, बोट कापावं लागलं, तर त्या ऑपरेशनचे पैसे हीच मेडिकेअर देणार. बूट वेळेवर द्यायला मात्र जिवावर येतं!

नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टर नसलेले, पण पेशंट तपासून औषधं लिहून देणारे) यांना हा अधिकार द्या, असं विधेयक 2023 मध्येही सेनेटमध्ये आलं होतं. पुढे सरकलंच नाही. आमच्या खासदाराच्या ऑफिसला मी फोन केलाय, परत करणार आहे. तुमच्या घरी कोणी मेडिकेअरवर असेल तर तुम्हीही करा, आणि कोणाचे बूट अडलेत ते स्पष्ट सांगा.