'घरच्या घरी ओळखा अस्सल ग्रीक नाणे' : एक प्रतिवाद

अथेन्सच्या घुबडछाप चांदीच्या नाण्याचे छायाचित्र जोडलेला एक मजकूर नाणेसंग्राहकांमध्ये बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : नाण्याला चुंबक चिकटत नसेल, वजन १७.२ ग्रॅमच्या आसपास भरत असेल, फरशीवर टाकल्यावर ते खणखणीत वाजत असेल, अंगावर काळपट थर असेल, आकार वेडावाकडा असेल आणि सोबत जुन्या संग्रहाचा कागद असेल, तर ते शंभर टक्के अस्सल. या कसोट्यांना काहीच अर्थ नाही असे नव्हे. त्यांतल्या काहींमुळे एखादे नाणे बाद करता येते. परंतु बाद न झालेले नाणे अस्सलच, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि एक-दोन कसोट्या तर अस्सल नाण्यालाच खोटे ठरवतात.

चुंबकाचा मुद्दा चटकन निकालात काढता येतो. तांबे, शिसे, कथील आणि जस्त यांपैकी कशालाही चुंबक ओढत नाही, त्यामुळे या कसोटीत लोखंडी गाभ्याचा अगदी ढोबळ माल तेवढा सापडतो. चांदीचा मुलामा दिलेली नाणी तर प्राचीन काळीही चालवली जात. इ.स.पू. ३७५–३७४ मधला, निकोफोन नावाच्या अथेन्सवासीयाने मांडलेला नाण्यांविषयीचा कायदा १९७० साली अथेन्सच्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, शिलालेखाच्या रूपाने सापडला. त्यानुसार बाजारातील सराफांच्या मेजांजवळ बसणाऱ्या सरकारी पारख्याने तांब्याच्या किंवा शिशाच्या गाभ्याचे नाणे तिथल्या तिथे कापायचे होते. असे कापलेले नाणे आज हाती आले, तर ते खोटे खरे, पण आधुनिक बनावट नव्हे. हा भेद त्या मजकुराच्या गावीही नाही.

वजनाची कसोटी अर्धवट माहितीवर उभी आहे. सुमारे १७.२ ग्रॅम हे अथेन्सच्या प्रमाणातील चार द्रम्मांच्या (द्रम्म हे ग्रीकांचे चांदीचे चलन) नाण्याचे वजन आहे, समस्त ग्रीक नाण्यांचे नव्हे. एजायना या ग्रीक बेटाचा स्टेटर, म्हणजे तिथले मुख्य चांदीचे नाणे, सुमारे १२.२ ग्रॅमचा, कॉरिंथचा सुमारे ८.६ ग्रॅमचा, आणि भारतात ज्यांच्याशी आपला अधिक संबंध येतो, त्या हिंद-ग्रीक राजा मिनँडर म्हणजे मिलिंदाच्या चांदीच्या द्रम्माचे वजन अडीच ग्रॅमच्याही किंचित आतच असते. शिवाय जमिनीत झिजलेले, क्षारांनी पोखरलेले अस्सल नाणे हलके भरते, तर बनावट करणाऱ्याला योग्य वजनाची चकती कापून घेणे मुळीच अवघड नाही. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन कारागिराने स्वतः ठसे कोरून ग्रीक व रोमन नाणी पाडली, आणि त्यासाठी काही वेळा कमी किमतीची खरी प्राचीन नाणीच चकती म्हणून वापरली. अशा नाण्याचा धातूही प्राचीन निघतो. मग तराजू काय सांगणार?

नाणे वाजवून घेण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे आणि बंद्या रुपयाच्या बाबतीत ती कामाचीही होती. प्राचीन चांदीच्या बाबतीत मात्र ती उलटी पडते. शतकानुशतके जमिनीत राहिलेल्या चांदीत कणांच्या सीमांवरून क्षरण आत शिरते, धातू ठिसूळ होतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि असे नाणे बद्द वाजते. कालपरवा पाडलेले चांदीचे बनावट नाणे मात्र खणखणीत वाजते. म्हणजे जो बद्द आवाज ऐकून ग्राहकाने नाणे परत ठेवावे असे हा मजकूर सांगतो, तो अनेकदा वयाचाच परिणाम असतो. त्याहून गंभीर बाब अशी की ठिसूळ झालेले नाणे फरशीवर टाकले तर त्याचे तुकडे होऊ शकतात. ही परीक्षा कुणीही करू नये.

काळपट थराबद्दल एवढे पुरे की गंधकयुक्त रसायनाने नवी चांदी काही मिनिटांत काळी करता येते. बेकरविषयी तर असे सांगतात, की तो ताजी नाणी लोखंडाच्या किसात मिसळून पेटीत भरी आणि ती पेटी घोडागाडीला बांधून फिरवून आणी.

आकाराचा मुद्दा अधिक बारकाईने पाहिला पाहिजे, कारण त्यात सत्याचा अंश आहे आणि खरी कसोटीही तिथेच दडलेली आहे. प्राचीन ग्रीक नाणे हाताने पाडले जाई : खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. त्यामुळे एकाच ठशांतून निघालेल्या दोन नाण्यांवर अथेना देवीचा चेहरा आणि घुबड तेच असते, पण छाप किती सरकली, कड कुठे चिरली, चकती कुठे पसरली, हे प्रत्येक घावागणिक बदलते. बनावट करणारा एखादे अस्सल नाणे घेऊन त्यावरून साचा किंवा ठसा बनवतो, तेव्हा त्या नाण्याचे वेडेवाकडेपणही, निदान त्यावरचे ओरखडे आणि खोचा, सगळ्या नकलांवर उतरतात. एकटे नाणे पाहिले तर ते वेडेवाकडेपण अस्सलपणाचा पुरावा वाटते. त्याच्यासारखेच दुसरे, त्याच जागी तीच खोच असलेले नाणे सापडले, की दोन्ही संशयास्पद ठरतात, आणि फार तर एक मूळ असू शकते. म्हणून छायाचित्रांची तुलना ही तराजूपेक्षा मोलाची आहे. जोडीला दहापट भिंगाखाली कड पाहावी : ओतीव नकलेत बारीक बुडबुड्यांचे खळगे, गोलावलेली अक्षरे आणि कानशीने घासून काढलेली जोडरेषा दिसू शकते, तर पाडलेल्या नाण्यात धातू बाहेरच्या दिशेने वाहत गेल्याच्या सूक्ष्म रेषा असतात. अर्थात, बनावट ठशाने पाडलेल्या नाण्यातही त्या असतातच.

राहता राहिला कागद. २०२० साली लंडनच्या एका लिलावात सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या रोमन ब्रूटसचे सोन्याचे नाणे सुमारे ३२ लाख पौंडांना विकले गेले, आणि पुढे त्याच्या मालकीचा इतिहासच बनावट असल्याचे उघड होऊन २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले. नाणे रोमन असले, तरी मुद्दा तोच : कागद खोटा होता, नाणे नव्हे. याच्या उलटही घडू शकते, कारण खऱ्या नाण्याची चिठ्ठी नकलेसोबत ठेवायला काहीच लागत नाही. कागदाला किंमत तेव्हाच येते, जेव्हा तो एखाद्या जुन्या छापील लिलावसूचीतील चित्राकडे नेतो आणि त्या चित्रातील कडेची चीर, सरकलेली छाप व प्रत्येक ओरखडा हातातल्या नाण्याशी तंतोतंत जुळतो. आणि तेव्हाही ती सूची किती जुनी आहे, हे पाहावेच लागते, कारण बेकरची नाणी दोनशे वर्षांपासून संग्रहांत शिरत आली आहेत.