कोंबडीला कसलंबी पाणी चालतंय म्हणणाऱ्यांनी जरा थांबा

गेल्या आठवड्यापासनं आमच्या भागातल्या पोल्ट्रीच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. थोडक्यात असा की कोंबडी उकिरड्यावरचं डबकं पिऊन जगते, तिला शुद्ध पाणी कशाला, बोअरचं पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे झालं, टाकी धुवा, फार तर तुरटी फिरवा, क्लोरीन टाकला की लस फेल जाते, अन् पाणी तपासणी म्हणजे औषधवाल्यांचा पैसे काढायचा धंदा. खाली "शेतकरी हितासाठी पुढे पाठवा". मला तो सात जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांच्या शेडात आत्ता पिल्लं आहेत, म्हणून हे लिहायलोय.

पहिलं उकिरड्याचं. आमच्या परड्यात पण आठ-दहा गावरान कोंबड्या आहेत, दिवसभर हिंडतात, दहा ठिकाणचं पाणी पितात, अन् एखादी कमी झाली तर आई म्हणते मुंगसानं नेली असंल. मर मोजतंय कोण तिथं? शेडात ५००० पक्षी एकाच टाकीवर असतात, पाण्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, शिरला तर तो सगळ्यांच्या चोचीपर्यंत एका दिवसात जातोय. आणि हिशोब बघा की, ब्रॉयलर म्हणजे मटणासाठी पाळलेला पक्षी जेवढं खाद्य खातो त्याच्या वजनानं साधारण पावणेदोन-दोन पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून लई जास्त कारण त्याला घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार करतो. म्हणजे शेवटच्या आठवड्यात ५००० च्या शेडाला दिवसाला दीड-पावणेदोन हजार लिटर. खाद्याच्या पोत्याला जरा बुरशीचा वास आला तर आपण सुपरवायझरला फोनवर फोन करतो, अन् त्याच्या दुप्पट जे पोटात जातंय त्याला विचारत नाही.

बोअरचं पाणी स्वच्छ दिसतंय. दिसतंय, बरोबर. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याकडं क्षारपड जमिनी किती आहेत हे मी कुणाला सांगायला नको, तिथल्या बोअरचं पाणी काचेसारखं असतंय अन् चहा केला की मचूळ लागतोय. क्षार जास्त झाले की पक्षी पातळ हागतो, खाली अंथरलेलं तूस ओलं, मग त्यातनं अमोनिया वायू, मग डोळे अन् श्वास, आणि आपण औषध देतो सर्दीचं. उसाला टाकलेल्या युरियाचं नायट्रेट खाली झिरपतंय ते वेगळंच, ते ना दिसतं ना वास येतो, अन् उकळून पण जात नाही. महापुरात बुडालेल्या विहिरी-बोअरची तर गोष्टच सोडा. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली ती नळाच्याच पाण्यातनं, ते पण लोकांनी बघूनच प्यायलं होतं.

आता "टाकी धुवा म्हणजे झालं" हे. हे मी पण मानत होतो. मागच्या उन्हाळ्यात टाकी मी स्वतः आत उतरून घासलेली, तरी शेडाच्या शेवटच्या रांगेतली पिल्लं अंगानं बारीक, पाणी कमी प्यायची. शेवटी निप्पल लाईनचं, म्हणजे पक्षी चोचीनं ज्या तोट्यांतनं पाणी पितात त्या पाईपाचं, टोक उघडलं. आधी पाणीच आलं नाही, मग शेंबडासारखी तपकिरी गुठळी पडली बादलीत, अन् मग पाणी. बोट आत घातलं तर पाईप आतनं सगळा बुळबुळीत, वास आंबलेल्या मळीचा. चूक माझीच. पहिल्या दिवशी गूळपाणी, मग व्हिटॅमिन, मग लिव्हर टॉनिक, सगळं त्याच लाईनमधनं दिलं आणि नंतर साधं पाणी जोरात सोडून एकदा पण फ्लश मारला नाही. ब्रूडिंगला, म्हणजे पहिल्या दिवसांत पिल्लं उबेत ठेवतात तेव्हा, ती पितात घोटभर, पाणी पाईपात कोमट होऊन उभं राहतंय, त्यात गोड, जंतूंना आणि काय पाहिजे. तो थर नुसत्या पाण्यानं जात नाही, शेड रिकामं असताना हायड्रोजन पेरॉक्साइड बाटलीवरच्या प्रमाणानं लाईनीत मुरवून दुसऱ्या दिवशी जोरात फ्लश मारावा लागतोय.

तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. विषय संपला.

तपासणीचा धंदा म्हणायचं तर एच-टू-एसची बाटली किरकोळ पैशात मिळते, पाणी भरून ठेवायची, काळी पडली की समजायचं मैल्याचे जंतू आहेत. फक्त पाणी टाकीतलं नाही, शेवटच्या निप्पलचं घ्या. क्षार, नायट्रेट, पीएच मात्र लॅबमधनंच, वर्षातनं दोनदा, पावसाळ्यानंतर एकदा नक्की.

राहिला क्लोरीन. यात मेसेजवाला अर्धा बरोबर आहे, लासोटा (राणीखेत रोगाची) अन् गंबोरो रोगाच्या जिवंत लसी पाण्यातनं देताना क्लोरीन असला तर लस मरते. पण म्हणून तो कधीच टाकायचा नाही हे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं. शेवटच्या निप्पलला २ ते ५ पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम, क्लोरीन मिळायला पाहिजे. ३० टक्के क्लोरीनची ताजी ब्लिचिंग पावडर असंल तर १००० लिटरला १० ग्रॅम म्हणजे ३ पीपीएम होतंय, वाटेत थोडा खपतो ते धरून वाढवा. बादलीत कालवून निवळू द्या, वरचं निवळ पाणीच टाका, गाळ निप्पलात अडकतोय. पीएच साडेआठ असला तर क्लोरीनचा जेमतेम दहावा हिस्सा कामाचा राहतो, म्हणून काहीजण पीएच उतरवणारं अॅसिडिफायर वापरतात, पण ते आणि ब्लिचिंग एका बादलीत कधी कालवू नका, विषारी वायू सुटतो. लशीच्या ४८ तास आधी क्लोरीन बंद, लशीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम बिनसायीची दूध पावडर, ती विरघळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी लस, दोन तासांत पिऊन संपली पाहिजे. आणि दुसऱ्या दिवसापासनं क्लोरीन परत चालू, आमच्याकडं निम्मी लोकं हेच विसरतात अन् मग बॅच संपेपर्यंत तो बंदच राहतो.