ऑस्कीबद्दल फिरणारा तो मेसेज

भाची बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गाच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज पाठवून तिने विचारलं, "मावशी, हे खरं असेल तर स्किल लॅबमध्ये पुतळ्यांवर सराव तरी कशाला करायचा?" ऑस्की म्हणजे वेगवेगळ्या टेबलांवर, म्हणजे 'स्टेशनांवर', ठरलेल्या मिनिटांत एकेक काम करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा; परीक्षक चेकलिस्ट बघून मार्क देतो. मेसेजचं म्हणणं असं: ऑस्की ही परदेशात बंद पडलेली पद्धत आपल्या माथी मारली, हात धुण्याला नि नाव विचारण्याला मार्क म्हणजे बालवाडी, पाच मिनिटांत काही कळत नाही, चेकलिस्ट पाठ केली की पास, पूर्वीची वॉर्डातली परीक्षाच खरी. मी नर्सिंग शिकवते. शिकत्या मुलींना सरावापासून तोडणारं हे लिखाण वाचून मला संताप आला.

परदेशात बंद, हे साफ खोटं. ब्रिटनमध्ये नोंदणी हवी असेल तर भारतात शिकलेल्या नर्सला तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची दहा स्टेशनांची ऑस्की द्यावीच लागते. तिकडे गेलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा.

आता ती 'बालवाडी'. शेजारशेजारच्या खाटांवर दोन शिंदे आहेत. मुलगी ट्रे घेऊन येते, "शिंदे काका ना?" म्हणते, आणि अर्धवट झोपेतले काका मान हलवतात. दुसऱ्या खाटेवरच्यांनीही हलवलीच असती. म्हणून पूर्ण नाव पेशंटच्या तोंडून घ्यायचं आणि मनगटावरची पट्टी व केसपेपर यांच्याशी ताडून बघायचं. ही पायरी गाळली तर पुढचं इंजेक्शन कितीही सफाईने दिलं तरी ते भलत्याच माणसाला गेलेलं असू शकतं. हातांचंही तेच. हँडरब वीस ते तीस सेकंद चोळायचा असतो, अंगठे आणि बोटांच्या टोकांसकट. घाईत मुली नुसते तळवे घासतात, आणि त्याच हातांनी कॅथेटर धरतात. पेशंटला होणारा संसर्ग इथूनच जातो. याला मार्क नाही द्यायचे तर कशाला द्यायचे?

पाच मिनिटांत काय कळतं? ट्रेमध्ये इन्सुलिनची व्हायल ठेवा, एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असलेली, आणि दोन सिरिंज: लाल टोपणाची, मिलिलिटरला 40 युनिटच्या इन्सुलिनसाठी, आणि केशरी टोपणाची, 100 च्या इन्सुलिनसाठी. ऑर्डर 20 युनिटची. मुलीने लाल टोपणाची उचलून 20 च्या खुणेपर्यंत भरली, तर अर्धा मिलिलिटर भरेल, म्हणजे पेशंटला 50 युनिट जातील. साखर कोसळेल. हे कळायला एक मिनिटही लागत नाही.

जुन्या परीक्षेत एकीला शुद्धीवरचा, बोलका पेशंट मिळायचा, दुसरीला राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) लावलेला बेशुद्ध. परीक्षकही वेगळे. नशिबाचा हा भाग कमी व्हावा म्हणूनच स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये ही पद्धत मांडली: सगळ्यांना तीच स्टेशनं, तीच चेकलिस्ट.

चेकलिस्ट पाठ करून पास होतात, हे मात्र थोडंफार खरं आहे. पुतळ्याला दुखत नाही, तो घाबरत नाही. पण भारतीय नर्सिंग परिषदेच्या सेमिस्टर अभ्यासक्रमात ऑस्कीच्या जोडीला डीओपी आहेच, म्हणजे प्रत्यक्ष काम करताना परीक्षकाने उभं राहून बघणं. मेसेजने ते गाळलंय. तक्रार करायचीच असेल तर दरवर्षी तीच ती स्टेशनं लावणाऱ्या कॉलेजांची करा. तिथे मीही सोबत येईन.