अवध बुद्धिबळापायी गेलं नाही

सत्यजित राय यांच्या १९७७ च्या ‘शतरंज के खिलाडी’चा हवाला देत एक मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर सारखा फिरतोय. म्हणे नवाब वाजिद अली शाह नाचगाण्यात, सरदार बुद्धिबळाच्या पटावर, म्हणून अवध, म्हणजे लखनौचं राज्य, गेलं. इंग्रजांनी नुसतं पडलेलं उचललं. आणि आपल्या भोसल्यांचंही तेच झालं. हे तिन्ही मुद्दे चूक आहेत.

सिनेमा नीट बघा. मिर्झा आणि मीर हे दोन सरदार घरदार विसरून खेळतात, राय त्यांची गय करत नाहीत, हे कबूल. पण मुन्शी नंदलाल त्यांना विलायती रीत समजावून सांगतो तो प्रसंग आठवा: प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, वजिराच्या जागी राणी बसते, डाव लवकर आटोपतो. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या प्रेमचंदांच्या कथेत मिर्झा आणि मीर तलवारीने एकमेकांचा जीव घेतात. राय त्यांना जिवंत ठेवतात आणि अवध गेल्यावर त्याच विलायती नियमांनी पुन्हा खेळायला बसवतात. डाव चालू असताना नियम कोण बदलतं, हे रायना दाखवायचंय.

नवाबाने काही ईस्ट इंडिया कंपनीचा तह मोडला नव्हता. १८०१ च्या तहात अवधचा जवळजवळ अर्धा मुलूख कंपनीने आधीच घेतला होता. १८५६ मध्ये कंपनीचा लखनौमधला रेसिडेंट औट्रम याने नवा तह पुढे केला, तेव्हा वाजिद अली शाहने सही करायला साफ नकार दिला. तरी राज्य गेलंच.

आता आपलं नागपूर. इथले राजे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पोटी मुलगा नव्हता. आपल्याकडे दत्तक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, पण कंपनीने राण्यांचा तो हक्क धुडकावला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. इथल्या कापसाचा इंग्लंडला किती उपयोग होईल, हे गव्हर्नर जनरल डलहौसीने स्वतःच लिहून ठेवलंय. मग वाड्यातली हत्ती-घोडी सीताबर्डीला लिलावात निघाली, जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. यात बुद्धिबळ कुठे आलं? वाजिद अलीला मुलं होती, तिथे वारसाचं कारण चालणार नव्हतं. म्हणून तिथे ‘गैरकारभार’ पुढे केला. दोन वर्षांत दोन राज्यं, दोन वेगळे बहाणे.

राहिलं ‘पडलेलं उचललं’. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने १८१७ मध्ये याच सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी झुंज दिली. १८५७ मध्ये वाजिद अलीच्या बेगम हजरत महलने लखनौ लढवलं, आणि ते परत घ्यायला इंग्रजांना मार्च १८५८ उजाडला.