तुटलेली तार क्लाउडला दिसत नाही

'संकटात वीज ग्रिड आता क्लाउडच सांभाळतो' असा एक मेसेज फिरतोय. (क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे, लांबच्या डेटा सेंटरमधले संगणक.) माझ्या मामांनीही तो पुढे ढकलला, वर 'आता तारेला भ्यायचं कारण नाही' अशी स्वतःची भर घालून! म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेज म्हणतो, तार तुटली की क्लाउड क्षणात वीज तोडतो. साफ खोटं. वीज तोडायला लावतो तो उपकेंद्रातला रिले, म्हणजे लाइनीतल्या प्रवाहावर नजर ठेवणारं उपकरण. प्रवाह एकदम वाढला की तो तिथल्या तिथे ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, पाडतो. लांबच्या डेटा सेंटरला विचारत बसत नाही. खरी मेख पुढेच आहे. तार कोरड्या मातीवर किंवा डांबरावर पडली, तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका थोडा असू शकतो की रिलेला तो रोजचाच भार वाटतो. ब्रेकर पडतच नाही. तार जिवंत, आणि कधी कधी साधी ठिणगीही दिसत नाही. बरं, ब्रेकर पडला तरी कित्येक लाइनींवर ऑटो-रीक्लोजर असतो. फांदी घासली असेल, आता सुटली असेल, या हिशेबाने तो काही सेकंदांत वीज परत सोडून बघतो. नेमका तेव्हा कुणी तार बाजूला सारत असेल तर? मामा, लांब राहा, दुसऱ्यांनाही जाऊ देऊ नका आणि वीज कंपनीला फोन करा.

'हॅकर शिरूच शकत नाहीत.' २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनच्या वीज वितरण कंपन्यांत शिरले होते. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरत होता, ब्रेकर उघडत होते, म्हणजे वीज तुटत होती. सुमारे २,२५,००० ग्राहक अंधारात गेले. ती यंत्रणा क्लाउडवर नव्हती, कबूल. पण चोर आले ते फसव्या ईमेलमधून, चोरलेले पासवर्ड घेऊन, आणि पासवर्ड क्लाउडलाही लागतोच. काही तासांत वीज आली, कारण माणसं उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. 'आता माणसं लागणार नाहीत' याचं उत्तरही त्यातच आलं.

'कोसळलेली ग्रिड मिनिटांत उभी.' डिझेल जनरेटरवर एखादं जलविद्युत केंद्र सुरू करायचं, मग एकेक लाइन, एकेक भाग जोडत जायचं, तास जातात. तोवर मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या बसल्या, तर क्लाउडला गाठणार कशाने?

थोडं खरं आहे, तेही सांगतो. अमेरिकेतल्या 'आयएसओ न्यू इंग्लंड' या ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने 'ही लाइन गेली तर काय होईल' अशा हजारो शक्यतांची आकडेमोड क्लाउडवर केली आहे. तयारीसाठी ते उत्तमच. पण ते काम वादळाच्या आधीचं.